रिकामी, सपाट रस्त्यानं

आमच्या घरात देवीच्या नावावर नुकसान घालत नाहीत. देवीच्या गडावर जाताना काही मोडलं, पडलं, हरवलं, तर ते गडावर जाताना झालं असं म्हणायचं नाही. माझी आत्या गडाच्या पायऱ्यांवर घसरून मनगट मोडून घेऊन आली आणि डॉक्टरला तिनं सांगितलं, गोठ्यात शेणावरून पाय सरकला. कशा पडलात, कुठल्या बाजूला पडलात, असं डॉक्टर विचारत गेला आणि ती गोठ्याचं इतकं बारीक वर्णन करत गेली, की शेवटी तिचं तिलाच ते खरं वाटायला लागलं. आम्ही पोरं या गोष्टीला पोट धरधरून हसायचो. देवीला बोल लागू नये म्हणून माणसानं थोडं इकडचं तिकडं केलं तर कुणाचं काय बिघडतं, असं मलाही पुढे कितीतरी वर्षं वाटत होतं.

काय बिघडतं ते मला चांगलं ठाऊक आहे आता. म्हणून हे लिहायला बसलो.

आमचं गाव विंचूरच्या अलीकडे, कांद्याचं. घरची शेती थोरला भाऊ बघतो. मी नाशकात राहतो, सातपूरच्या एका कारखान्यात नोकरीला आहे. आमचा एक छोटा ट्रक होता. चार सिलिंडरचं डिझेल इंजिन, आप्पांनी म्हणजे आमच्या वडिलांनी मी शाळेत असताना घेतलेला. घरचा कांदा विंचूरच्या बाजारात न्यायचा, गावातल्या लोकांचाही न्यायचा, मधल्या दिवसांत नाशकाला टोमॅटोचे कॅरेट. भावाचं घर शेतीपेक्षा त्या गाडीवर जास्त चालायचं. आणि गाडी म्हातारी झाली होती. सकाळी सुरू व्हायला नखरे, मागून निळा धूर, तेलाचं झाकण उघडलं की आतून भसाभसा वाफा, आणि भरलेली असली की साध्या उड्डाणपुलावर मागच्या रिक्षावाल्याच्या शिव्या. भाऊ म्हणायचा, "डिझेल कमी पिते अन् ऑईल जास्त."

गाडी विकायची गोष्ट आप्पांसमोर काढायची सोय नव्हती. तेव्हा इंजिन पूर्ण खोलून नवं करायचं ठरलं, आणि घरातला एकुलता एक डिप्लोमावाला म्हणून ते माझ्याकडे आलं. मला मनातून बरं वाटलं होतं. इतकी वर्षं मी नाशकात बसून गावच्या कामांबद्दल नुसत्या सूचना करत होतो, उंटावरून शेळ्या हाकत होतो. आता आपल्या शिक्षणाचा घराला उपयोग होईल असं वाटलं.

नाशकात पेठ रोडला दोन भावांचं गॅरेज होतं. दोघं मूळचे सटाण्याकडचे, आपसात अहिराणी बोलायचे आणि गिऱ्हाइकाशी आमच्यासारखं. धाकटा डिझेल पंप आणि नोझल बघायचा. थोरला, ज्यांना सगळे नुसतं मिस्त्री म्हणायचे, ते इंजिनाच्या पोटातलं काम करायचे. साठीच्या जवळ आलेले, बुटके, कानावर कायम पेन्सिल, आणि बोलायला कंजूष. धाकटा मात्र तोंडाळ. तो म्हणायचा, "आमच्या भाऊला इंजिन उघडल्यावर बायकोसुद्धा ओळखू येत नाय."

मिस्त्रींनी इंजिन खोललं तेव्हा मी रजा घेऊन गेलो होतो. लायनर म्हणजे ज्या नळीत पिस्टन वरखाली होतो ती. तिच्या वरच्या कडेला इतकी पायरी पडली होती, की नख अडकत होतं. मिस्त्रींनी माझं बोट धरून तिथं फिरवलं. "बघा साहेब, एवढं लोखंड आजवर धूर होऊन गेलं." ते मला पहिल्या दिवसापासून साहेब म्हणायचे. मी कारखान्यात क्वालिटीला आहे, म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तू मोजायच्या आणि बरोबर की चूक ते सही करून सांगायचं, हे कळल्यापासून तर जास्तच.

काम दीड महिना चाललं. क्रँक ग्राइंडिंगला गेला, नवे लायनर बसले, नवे पिस्टन, नवे बेअरिंग, हेडमधले व्हॉल्व्ह नवे. आणि मिस्त्रींनी स्वतःहून एक गोष्ट सुचवली, जी ते सहसा कुणाला सुचवत नसत. जुन्या इंजिनाला एक छोटा टर्बो, म्हणजे आत जास्त हवा कोंबणारा पंखा, बसवायचा, पंपात किंचित डिझेल वाढवायचं, तेल थंड ठेवायला कूलर लावायचा आणि रेडिएटर एक नंबर मोठा घ्यायचा. "फार नाही," ते म्हणाले. "म्हाताऱ्याला पळवायचं नाय. फक्त चढाला दम लागू नये एवढं." त्यांच्या बोलण्यात तेव्हा एक हौस होती. असं काम त्यांनी आयुष्यात दोन-तीनदाच केलं होतं, आणि दोन्ही-तिन्ही गाड्या अजून पळत होत्या.

पिस्टन बसवण्याची त्यांची पद्धत मी तिथं पहिल्यांदा पाहिली. रिंगा न घालता पिस्टन उलटा करून तेल लावलेल्या लायनरमध्ये सोडायचा, बाजूनं पोलादाची पातळ पट्टी घालायची आणि ती पट्टी अंगठा आणि बोटात धरून हळू ओढायची. किती ओढ लागते त्यावरून लायनर आणि पिस्टनमधली फट बरोबर आहे की नाही ते ठरायचं. फट पाच थौ हवी, म्हणजे इंचाच्या हजार भागांतले पाच. केसाच्या आसपासचा हिशेब. मला काही ते पटेना. एका शनिवारी मी कारखान्यातून परवानगी काढून आतला व्यास मोजायचं डायलचं यंत्र घेऊन गेलो आणि चारही सिलिंडर मोजले. तीन बरोबर पाच. एका जागी साडेपाच दिसलं तर मिस्त्रींनीच आधी सांगून ठेवलं होतं, की चौथा किंचित ढिला आहे.

"झालं का यंत्राला विचारून?" एवढंच ते म्हणाले. पण धाकट्यानं ती गोष्ट साऱ्या पेठ रोडला सांगितली. कंपनीचे साहेब यंत्र घेऊन आले आणि भाऊच्या बोटापुढं यंत्र गप्प बसलं, असं त्याचं वर्णन. मिस्त्री तेव्हा लाजून दुसरीकडे बघायचे. मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी शिकलेल्या माणसानं त्यांचं बोट तपासून बरोबर म्हटलं होतं, आणि ते त्यांना लागलं होतं. चांगल्या अर्थानं. त्यांनी त्या दिवसापासून माझ्या शब्दाला जे वजन दिलं, ते आजही आठवलं की वाटतं, मला नको होतं.

गाडी ताब्यात देताना त्यांनी मला बाजूला घेतलं. पहिले हजार किलोमीटर गाडी रिकामी चालवायची. सपाट रस्त्यानं. पन्नासच्या वर नाही. लांब चढ अजिबात नाही. नवा पिस्टन आणि नवा लायनर एकमेकांना ओळखत नाहीत, त्यांना घासून घासून ओळख होऊ द्यायची, आणि टर्बो असल्यामुळे उष्णता जास्त, म्हणून आणखी जपायचं. हजार झाले की परत आणायची, ते हेड आवळून, तेल बदलून देतील, मग हवा तेवढा कांदा भरा. हे सगळं त्यांनी माझ्याकडून परत म्हणवून घेतलं, शाळेत पाढे घेतात तसं. मी म्हटलं. आणि वर म्हटलं, "मिस्त्री, काळजी नको. मी आहे ना."

गाडी संध्याकाळी गावात पोचली आणि अंगणात आधीच तयारी दिसली. उद्या गडावर जायचं. आमच्याकडे बैल आणला, मोटारसायकल आणली, ट्रॅक्टर आणला, तो आधी देवीला दाखवून मग कामाला लावतात. इंजिन नवं म्हणजे गाडी नवी, असा आप्पांचा हिशेब. पुरण शिजत होतं. दोन्ही आत्यांना निरोप गेले होते.

मी आप्पांना सांगितलं. हजार किलोमीटर, रिकामी, चढ नको. खरं सांगायचं तर सांगितलं कसलं, पुटपुटलो.

"म्हंजी आधी कांदा न्यायचा अन् मग देवीला जायचं?" आप्पा म्हणाले.

"कांदापण नाही न्यायचा. नुसती रिकामी फिरवायची. महिन्याभरानं गडावर जाऊ."

"महिनाभर गाडी देवीला न दाखवता फिरवायची. लय शिकलास." ते उठून हात धुवायला गेले. "अरे, तुझा मिस्त्री हाय, तशी तीपण हाय ना वर."

भाऊ माझ्याकडे बघत होता. त्याला माझं पटलं असतं, मी जरा ताठ उभा राहिलो असतो तर. गाडी त्याची रोजची होती. पण आपलेच दात आणि आपलेच ओठ, सणासुदीच्या घरात आप्पांशी कोण वाकडं घेणार. मी म्हटलं, एका दिवसानं काय होतंय. आज मी ज्या कारखान्यात आहे तिथं एखाद्या कामगारानं 'एका पीसनं काय होतंय' म्हटलं तर मी त्याचा रिपोर्ट वर पाठवतो.

अठरा माणसं. मी मोजली होती, मोजायची सवयच आहे. आणि दोन पातेली, गॅसची टाकी, पाण्याचे ड्रम. गडाच्या पायथ्याला, नांदुरीपर्यंत, गाडी अशी पळाली, की भाऊ हरखून गेला. "अरे काय दम आलाय रे हिला," तो म्हणत होता. घाट सुरू झाला. पहिली दोन वळणं तिसऱ्या गिअरात गेली, मग दुसरा. टर्बोची बारीक शिटी यायला लागली आणि मागे बायकांनी देवीचा जयजयकार केला. मी पुढे भावाशेजारी बसलो होतो. उष्णतेचा काटा चढताना मला दिसत होता. थांब, असं म्हणायला तोंड उघडलं आणि मागच्या खिडकीतून आप्पांचा आवाज आला, "थांबवू नको रे मधी, चढाला गाडी थांबवू नये." भावानं आणखी पाय दाबला.

अर्ध्याच्या वर गेल्यावर ओढ एकदम कमी झाली. तापलेल्या तेलाचा वास आला. आतून एक किंचाळी आली आणि इंजिन जागच्या जागी थांबलं. गाडी मागे सरकायला लागली तशी पोरांनी उड्या टाकून चाकांना दगड लावले. एका क्षणात सगळे खाली.

मग मनगटवाली आत्याच म्हणाली, "तिला आपण पायी यावंसं वाटतंय." सगळे निघाले, पातेली डोक्यावर घेऊन. मी आणि भाऊ गाडीपाशी थांबलो. बॉनेट उघडायची माझी हिंमत झाली नाही. तासाभरानं इंजिन गार होऊन परत सुरू झालं, पण आतून कुणी हातोडीनं ठोकावं तसा आवाज होता. त्याच आवाजात गाडी वर गेली, दर्शन झालं, ओटी भरली, आणि त्याच आवाजात आम्ही घरी आलो. घाटातली गोष्ट त्या दिवसानंतर घरात कुणी काढली नाही. शेजाऱ्यांना कळलं ते एवढंच, की गाडी विंचूरच्या रस्त्याला जाम झाली आणि मिस्त्रीनं काम बिघडवलं.

भावानं दोन दिवसांनी गाडी हळूहळू पेठ रोडला आणून टाकली. मिस्त्रींनी इंजिन उघडलं त्या रविवारी मी गेलो, आणि आप्पाही गावाहून आले होते. जाब विचारायला.

दोन नंबरचा आणि तीन नंबरचा पिस्टन मिस्त्रींनी वर्तमानपत्रावर ठेवले होते. बाजूनं ओरबाडून निघालेले. मिस्त्री त्यांच्याकडे बघत बसले होते, चेहरा उतरलेला.

"हे असं चढाला होतं," ते सावकाश म्हणाले. "लोड घेऊन, खालच्या गिअरात, लांब चढ."

"कुठला चढ?" आप्पा म्हणाले. "आमच्याकडं टेकडी तरी हाय का एखादी? घरून विंचूर, विंचूरहून घर. बस."

मिस्त्रींनी आप्पांकडे बघितलं नाही. त्यांनी फडक्याला हात पुसले आणि माझ्याकडे बघितलं. "साहेब, तुम्ही सांगा. कुठं नेली होती?"

आप्पा शेजारी उभे होते. मी देवीचं नाव घेतलं असतं तर आप्पांसमोर, परक्या माणसाच्या दारात, आमच्या घरानं देवीवर नुकसान घातलं असतं. आणि खरं त्याहून साधं आणि जास्त लाजिरवाणं आहे. मी आहे ना, असं म्हणून मी गाडी घेऊन गेलो होतो, आणि मी नव्हतो.

"रिकामी होती," मी म्हटलं. "सपाट रस्त्यानं."

मिस्त्रींनी पिस्टन उचलून उजेडात धरला, फिरवला, परत ठेवला. "मग फट घट्ट राहिली," ते म्हणाले. "माझंच चुकलं."

धाकटा काही बोलायला पुढे झाला, तर त्यांनी हातानं त्याला थांबवलं. इंजिन त्यांनी पुन्हा सगळं केलं आणि आमच्याकडून काही घेतलं नाही. आप्पांना त्यात न्याय झाल्यासारखं वाटलं. टर्बो काढून ठेवला. "माझ्या डोक्यातलं खूळ होतं ते," मिस्त्री म्हणाले. या वेळी त्यांनी फट सात थौ ठेवली. मला ते दिसलं, आणि सात जास्त होते हे मला कळत होतं. गार इंजिन खडखडणार, तेल पिणार. मी काही म्हटलं नाही, कारण काही म्हणायचं तर मुळापासून म्हणावं लागलं असतं.

झालंही तसंच. गाडी चालली, पण धूर पुन्हा सुरू झाला. दोन वर्षांनी भावानं ती काढून टाकली आणि नवी गाडी घेतली, ती आता तो चालवतो आणि त्याचं बरं चाललंय. आमचं घर त्यातून निघालं. मी पेठ रोडनं जायचं टाळायला लागलो. दुसऱ्याच रस्त्यानं लांबून जायचो. खाई त्याला खवखवे, म्हणतात ते काही खोटं नाही.

गेल्या हिवाळ्यात माझ्या कारखान्यातल्या एका सहकाऱ्याला त्याच्या सासऱ्याच्या पिकअपचं इंजिन करायचं होतं आणि त्याला कुणीतरी याच गॅरेजचं नाव सांगितलं. सोबत चल म्हणाला. नाही कसं म्हणायचं सुचलं नाही, म्हणून गेलो.

गॅरेज तेच होतं. धाकटा आता पुढे होता, कानावर पेन्सिल त्याच्या. मिस्त्री मागच्या भिंतीशी पाटावर बसून डिझेलच्या ट्रेमध्ये व्हॉल्व्ह धूत होते. धुण्याचं काम तिथं एरवी नव्यानं आलेला माणूस करतो. मला बघून ते हसले. "साहेब! या या." पाटावरून उठायला लागले तर मीच नको म्हटलं.

सहकारी गाडी दाखवत होता तेव्हा मी धाकट्याला विचारलं, मिस्त्री पिस्टन बसवत नाहीत का. त्यानं आवाज खाली केला.

"तुमच्या गाडीनंतर बिघडलं सगळं. भाऊ ढिलंच करायला लागला. सात ठेवी, कधी आठ. मी म्हणायचो पाच ठेव, तर म्हणायचा, पाचानं साहेबांची गाडी सपाटीला जाम झाली, आपलं बोट आता खरं राहिलं नाय. कळवणच्या टोमॅटोवाल्याची गाडी तशीच दिली, ती तेल प्यायला लागली. पेठच्या भातगिरणीवाल्याची दिली, तो चार लोकांत बोलून गेला. एक जण तर इथं उभा राहून आईवरून बोलला. मग मीच एक दिवस म्हटलं, भाऊ, तू आता बस. पिस्टनला हात लावू नको." त्यानं मागच्या भिंतीकडे बघितलं. "मोठा भाऊ हाय माझा. मला बोलायला लागलं ते."

मी त्या दिवशी तसाच घरी आलो. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि संन्यासी स्वतःच मान पुढं करून उभा. रविवारी गावी गेलो आणि आप्पांना सगळं सांगितलं. आप्पा आता थकले आहेत, ओट्यावर बसून असतात. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"मी जाऊन त्यांना खरं सांगणार आहे," मी म्हटलं.

"काय सांगणार? देवीनं गाडी जाम केली?"

"आपण केली, आप्पा."

"मिस्त्री होता ना तो? त्यानं आपलं ऐकायचंच कशाला? लोखंड बघून ठरवायचं." मग दुसरीकडे बघत, "अन् तिचं नाव घेऊ नको तिथं."

मला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त, त्यांच्या बोलण्यात एक खरं होतं त्याचा. मिस्त्रींनी लोखंड बघूनच ठरवायला हवं होतं. त्यांनी लोखंडाऐवजी मला मानलं.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी पेठ रोडला गेलो. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. दोघं भाऊ होते. मिस्त्री ट्रेपाशीच बसले होते. मी उभ्यानंच बोललो, बसलो असतो तर पुन्हा इकडचं तिकडचं निघालं असतं.

"मिस्त्री, माझी गाडी गडावर गेली होती. तुमच्याकडून नेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी. अठरा माणसं होती. दुसऱ्या गिअरात, घाटात जाम झाली. तुम्हाला मी खोटं सांगितलं."

धाकटा हातातला पाना घेऊन तसाच उभा राहिला. मिस्त्रींनी हातातला व्हॉल्व्ह धुऊन पूर्ण केला, फडक्यावर ठेवला.

"मला दिसत होतं," ते म्हणाले. "पिस्टन चढ सांगत होता. तुम्ही सपाट सांगितलं. मी तुमचं धरलं."

मी म्हटलं माझं चुकलं, आणि असलंच आणखी काही. ते शब्द किती हलके असतात ते बोलताना कळत होतं. मिस्त्री मान हलवत राहिले. मग त्यांनी विचारलं, "दर्शन झालं का तेव्हा?"

त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"झालं," मी म्हटलं.

"मग बरं."

पण धाकट्याला ते सहन झालं नाही. त्यानं पाना बाकावर आपटला. "बरं काय, भाऊ? काय बरं?" तो माझ्यावर आला. मला वाटलं मारतो आता, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं. "तीन वर्षं झाली, साहेब! ह्याला मी तीन वर्षं पिस्टनला हात लावू दिला नाय. सख्ख्या भावाला! लोकांसमोर बाजूला बसवला. तुम्ही इथून चार किलोमीटरवर राहता ना? चार किलोमीटर!" त्याचा आवाज फाटला.

मग तो वळला आणि तरातरा आत गेला. बाकावर एका गाडीचं इंजिन अर्धं जुळवून ठेवलं होतं. त्यानं एक नवा पिस्टन आणला, लायनरला तेल लावलं, पिस्टन उलटा सोडला, पट्टी घातली आणि मिस्त्रींना हाताला धरून उठवलं.

"भाऊ, हाई तू देख." आवाज आता अगदी मऊ होता. "तूच देख."

मिस्त्रींनी हात पुसले. फार वेळ पुसले, एकेक बोट. मग अंगठा आणि बोटात पट्टी धरून ओढली. थांबले. परत घातली, परत ओढली. मी शेजारी होतो, धाकट्यानं खडूनं लिहिलेलं माप मला दिसत होतं. पाच, बरोबर पाच.

मिस्त्रींनी नाही अशी मान हलवली. "घट्ट शे." घट्ट आहे, म्हणाले.

"भाऊ, बराबर शे ते. मी मापेल शे. आन् तुनं पयलंबी बराबरच व्हतं, आयकं ना तू आते?" मी आत्ता सांगितलं ते ऐकलंस ना, असं तो विचारत होता.

"आयकं." त्यांनी आणखी एकदा ओढून पाहिली. डोळे मिटून, मान तिरकी करून. "तू मापेल शे, म्हंजे बराबरच व्हई," ते भावाला म्हणाले. "पण माले आते समदं घट्टच लागस."

त्यांनी पट्टी पुसून धाकट्याच्या हातात दिली आणि पाटावर जाऊन पुढचा व्हॉल्व्ह धुवायला घेतला.